५४ घोडे कमी, साडेपाच लाख जास्त : बेळगावातल्या एका सेडान-खरेदीचा हिशोब

जुलै २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूची ५३० एलआय भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत होती ७२.९ लाख आणि ताकद २५८ अश्वशक्ती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीझची लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, नवी ई-क्लास आली. तिच्यातली सगळ्यात स्वस्त ई २०० होती ७८.५ लाखांची आणि ताकद २०४ अश्वशक्ती. दोन्ही गाड्यांत दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन. एकाचं माप १९९८ सीसी, दुसऱ्याचं १९९९. ५४ घोडे कमी घेण्यासाठी ५ लाख ६० हजार जास्त मोजायचे, आणि कर्नाटकातला टॅक्स चढला की हा फरक पावणेसात लाखांच्या घरात जातो. तरीही ई-क्लास घेणारी माणसं आहेत, आणि ती हिशोबात कच्ची नाहीत. असं का होतं, ते एका घराच्या खरेदीतून पाहू.

घर नमुन्यादाखल घेतलं आहे. बेळगावच्या उद्योजकांत अशी घरं शोधावी लागत नाहीत. टिळकवाडीत राहणं, उद्यमबागेत फाउंड्री आणि जोडीला मशीन शॉप. क्रँकशाफ्ट आणि पंपाची बॉडी हे मुख्य काम. सत्तरीतले अप्पा, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अजूनही रोज कारखान्यावर जातात आणि दुपारी जेवायला घरी येतात. मुलगा धंदा बघतो. ड्रायव्हर पंधरा वर्षांचा जुना. मोटार मुख्यतः अप्पांसाठी, पण लांबच्या प्रवासात मुलाला स्वतः चालवायची हौस. बजेट ऑन-रोड एक कोटीच्या आसपास.

मुलाच्या मनात ५३० एलआय. अप्पांचं म्हणणं, घ्यायचीच तर डिझेल घ्या, म्हणजे ई २२० डी : १९७ अश्वशक्ती, ८१.५ लाख. दोघांचा वाद आकड्यांवर चालला होता आणि दोघंही चुकीच्या आकड्याकडे बघत होते. "कुठं पळवूलास रे एवढं? तिसऱ्या रेल्वे गेटाला तर अर्धा तास उभा राहतोस," हे अप्पांचं उत्तर विनोदी वाटलं, तरी हिशोबाची खरी सुरुवात तिथूनच होते.

गाडी चालते कुठे

वर्षाचा प्रवास कागदावर मांडला तो असा. घर ते कारखाना सहा किलोमीटर, दिवसातून चार फेऱ्या, वर्षाचे तीनशे दिवस : ७,२०० किलोमीटर आणि बाराशे वेळा इंजिन सुरू. कोल्हापूर महिन्यातून दोनदा, जाऊन-येऊन सव्वादोनशे : वर्षाला ५,४०० च्या आसपास. पुणे वर्षातून सहा वेळा : ४,००० च्या वर. चोर्ल्यामार्गे गोवा आठ वेळा : २,०००. एकूण साडेअठरा हजारांच्या आसपास.

आता यात अश्वशक्ती लागते किती? चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन २,३०० किलो मानू. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सपाटीला ताशी १०० किलोमीटर ठेवायला (चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी केंद्राची २०१८ पासूनची मर्यादा तेवढीच आहे) टायरचं घर्षण आणि हवेचा रोध मिळून चाकाला जेमतेम वीस अश्वशक्ती पुरते. गिअरबॉक्समधली गळती आणि एसी धरला तर पंचवीस-तीस. चोर्ला घाटात गोव्याकडून वर येताना सहा टक्के चढावर ताशी ५० ने चढायला चाकाला लागते सुमारे ३२ अश्वशक्ती. हिशोब कुणालाही ताडता येईल : वजन गुणिले चढ गुणिले वेग, त्यात घर्षणाची थोडी भर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. इथे हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते, पण हवा दाबून आत भरणारं टर्बो इंजिन ती तूट स्वतःच भरून काढतं.

म्हणजे वर्षातल्या बहुतेक वेळी २०४ काय नि २५८ काय, दोन्हींतले दीडशेच्या वर घोडे तबेल्यात बांधलेलेच राहतात.

मग ते लागतात कधी? ओव्हरटेकला. इथे मात्र मुलाचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ऑक्टोबर ते मार्च ऊस-हंगाम. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्ता अडवून चालतात. मागचा दिवा बहुतेक वेळा नसतोच, ऊस बाजूला दोन-दोन फूट बाहेर आलेला. ताशी ३० वरून ७० ला जायला २,३०० किलोच्या गाडीला सुमारे ३५५ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. २०४ अश्वशक्तीचं इंजिन त्या झेपेत चाकाला सरासरी ११० किलोवॅट देतं असं धरलं तर घर्षण आणि हवेचा रोध वजा जाता ३.४ सेकंद. २५८ चं १३९ देतं असं धरलं तर पावणेतीनच्या आत. फरक पाऊण सेकंदाचा, रस्त्यावर दहा-अकरा मीटरचा. महामार्गावर ६० वरून १०० ला हाच फरक सव्वा सेकंदाच्या आसपास जातो. दोन पदरी जांबोटी रस्त्यावर समोरून ट्रक येत असेल तर दहा मीटर ही लहान गोष्ट नाही. पण हाही हिशोब गिअरबॉक्स तयार असेल तरचाच. पाय दाबल्यापासून दोन-तीन गिअर खाली टाकून जोर येईपर्यंत अर्धा ते एक सेकंद सहज जातो. ट्रॅक्टरमागे चालताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने आधीच तिसरा गिअर धरून ठेवणारा ड्रायव्हर २०४ घोड्यांतही तो पाऊण सेकंद परत मिळवतो. हे ड्रायव्हरला शिकवायला पैसे पडत नाहीत.

ब्रोशरवरचा आकडा आणि रोजचा आकडा

अश्वशक्ती म्हणजे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आणि फेरे यांचा गुणाकार. न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९,५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. ब्रोशरवर छापतात तो कमाल आकडा, पेट्रोलमध्ये बहुधा साडेचार-पाच हजार फेऱ्यांच्या वरचा. बेळगावात काँग्रेस रोडवरून जाताना इंजिन १,५०० ते २,००० च्या वर क्वचितच जातं. तिन्ही गाड्यांचा २,००० फेऱ्यांवरचा हिशोब केला तर चित्र उलटं होतं. ई २२० डी चा टॉर्क ४४० न्यूटन-मीटर, म्हणजे त्या फेऱ्यांवर १२४ अश्वशक्ती. ५३० एलआयचा ४००, म्हणजे ११२. ई २०० चा ३२०, म्हणजे ९०. कागदावर सगळ्यात दुबळी दिसणारी डिझेल रोजच्या फेऱ्यांत सगळ्यात दांडगी ठरते. अप्पांना डिझेलचा ओढा का वाटतो, याचं उत्तर ॲव्हरेजपेक्षा इथेच जास्त आहे. आयुष्यभर ज्या गाड्या चालवल्या त्या खालून ओढणाऱ्या होत्या.

ई २०० ही खालची तूट विजेवर भागवते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ४८ व्होल्टची स्टार्टर-जनरेटर मोटर बसवलेली असते. ती घटकाभर २३ अश्वशक्ती आणि २०५ न्यूटन-मीटरपर्यंत भर घालते. टर्बोला हवा भरायला जो क्षण लागतो, तेवढा ती भरून काढते. बीएमडब्ल्यूतही ४८ व्होल्टची व्यवस्था आहे. सिग्नलवर बंद पडलेलं इंजिन धक्का न देता सुरू होतं ते यामुळेच. चढाईत तिच्यावर भिस्त ठेवू नये. लांब घाटात तिची लहान बॅटरी लवकर रिकामी होते आणि मग उरतं ते पेट्रोल इंजिनच.

गाडीच्या मागच्या पाटीवरच्या आकड्यांनाही आता फार अर्थ उरलेला नाही. एके काळी ५३० म्हणजे तीन लिटर असायचं. आज त्याच पाटीखाली दोन लिटर आहे. ई २०० आणि ई २२० डी दोन्ही दोन लिटरच्याच, डिझेलचं माप १९९३ सीसी. ऑडीचा ४५ हा आकडा तर सीसी नाही आणि अश्वशक्तीही नाही; १६९ ते १८५ किलोवॅटच्या टप्प्याला कंपनीने दिलेली ती खूण आहे. आणि नुसती अश्वशक्ती हेच ऐषारामाचं माप असतं, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या बीई ६ नं हा वाद केव्हाच मिटवला असता. तिच्या मोठ्या बॅटरीच्या प्रकारात २१० किलोवॅट आहेत, म्हणजे २८१ अश्वशक्ती; ५३० एलआयपेक्षा जास्त, आणि निम्म्याहून कमी किमतीत. विजेच्या मोटारींनी घोडे स्वस्त केले. रोल्स-रॉइसने तर कित्येक वर्षं हा आकडा जाहीरच केला नाही, पुरेशी आहे एवढं सांगून विषय संपवला.

सिलिंडरच्या संख्येचं मात्र तसं नाही. अप्पा क्रँकशाफ्ट बनवणारे, त्यांना हे एका वाक्यात कळलं. ओळीत चार सिलिंडर असले की फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचं दुय्यम कंपन उरतंच. ते मारायला दुप्पट वेगाने फिरणारे बॅलन्स शाफ्ट घालावे लागतात. ओळीत सहा सिलिंडर असले की पहिलं आणि दुसरं दोन्ही कंपनं आपसातच मिटतात. ७०० फेऱ्यांच्या आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) चार सिलिंडरमध्ये सेकंदाला २३ स्फोट होतात, सहामध्ये ३५. जलद, लहान ठोके रबरी माउंटिंगना दाबायला सोपे. इंजिनाने गाडीचा दर्जा ठरतो असं म्हणायचंच असेल, तर ते या अर्थाने म्हणावं. ई-क्लासमध्ये हे इंजिन ई ४५० मध्ये मिळतं : तीन लिटर, सहा सिलिंडर, ३८१ अश्वशक्ती, चारही चाकांना जोर. ती आली तेव्हा ९२.५ लाखांची होती. टॅक्स आणि विमा धरून ती सव्वा कोटीकडे झुकते आणि या घराच्या बजेटबाहेर जाते. पण ज्याच्याकडे तेवढे पैसे आहेत त्याने ३८१ हा आकडा विसरून सहाच्या आकड्यासाठी ती घ्यावी.

डिझेलचा प्रश्न सहा किलोमीटरात अडकतो

आधी पैशाचा हिशोब. ई २२० डी एक्स-शोरूमला ३ लाखांनी महाग, कर्नाटकचा टॅक्स धरून ३.६ लाखांनी. पेट्रोलला सरासरी ११ चं ॲव्हरेज आणि १०३ रुपये लिटर, डिझेलला साडेपंधरा आणि ९१ रुपये, असं हिशोबाला धरलं तर किलोमीटरमागे साडेतीन रुपये वाचतात. साडेअठरा हजार किलोमीटरला वर्षाचे ६५ हजारांच्या आत. जास्तीचे पैसे फिटायला साडेपाच वर्षं. एक कोटीच्या खरेदीत हा मुद्दा निर्णायक नाही. हल्ली पंपावर सर्रास मिळणारं ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मात्र विचारात घ्यावं. ज्या जिल्ह्यात उसापासून इथेनॉल निघतं तिथे त्याविरुद्ध कुणी बोलत नाही, पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई २० मध्ये ती सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. वरचा ११ चा आकडा म्हणूनच गाडीच्या कुवतीपेक्षा खालचा धरला आहे.

खरी अडचण डिझेलच्या धुराड्यात आहे. बीएस ६ डिझेलला काजळी पकडणारा फिल्टर असतो, ज्याला डीपीएफ म्हणतात. तो भरत आला की गाडी आपोआप जास्तीचं डिझेल टाकून त्याला सहाशे अंश सेल्सियसच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. हे काम दहा ते वीस मिनिटं सलग चालावं लागतं. टिळकवाडी ते उद्यमबाग सहा किलोमीटर, गर्दीत पंधरा मिनिटं, आणि तेवढ्यात तर इंजिनचं तेलही नीट तापत नाही. जाळणं सुरू झालं आणि ड्रायव्हरने कारखान्याच्या दारात चावी बंद केली की ते अर्धवट राहतं. पुढच्या फेरीत पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. त्यासाठी टाकलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, तेल पातळ होतं, बेअरिंगना त्रास. शेवटी दिवा लागतो आणि गाडी जोर कमी करून वर्कशॉपची वाट धरायला लावते.

हे घर डिझेलमधून अगदी बाद होतं असंही नाही. महिन्यात दोनदा कोल्हापूर आहे. दोन फेऱ्यांच्या मध्ये शहरातले तीनशे किलोमीटर होतात. फिल्टर साफ करायची वेळ बहुधा त्याच सुमारास येते, त्यामुळे महामार्गाच्या तासाभरात तो जळून मोकळा होऊ शकतो. पण पावसाळ्यात कोल्हापूर चुकलं, किंवा लग्नसराईत महिनाभर गाडी गावातच राहिली, की अडचण सुरू. डिझेल घ्यायचीच तर ड्रायव्हरला खुणा शिकवाव्यात : थांबल्यावर आयडलिंग नेहमीपेक्षा वर दिसणं, इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहणं, खालून गरम जळका वास. असं दिसलं की चावी बंद न करता गाडी खानापूर रोडला किंवा काकतीकडे महामार्गाला नेऊन वीस मिनिटं सलग चालवायची. शिवाय धूर स्वच्छ करायला ॲडब्लू लागतं, म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण. महामार्गावरच्या पंपांवर ट्रकवाल्यांसाठी मिळणारं चालतं, मात्र डब्यावर आयएसओ २२२४१ लिहिलेलं असावं. त्याची टाकी रिकामी झाली की एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं तर चावीला हात न लावता गाडी टो करून न्यावी.

अप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि डिझेलचा हट्ट सोडला. बाराशे वेळा सुरू होणाऱ्या गाडीला डिझेल शोभत नाही, हे फाउंड्रीवाल्याला पटायला वेळ लागत नाही.

मधल्या मधे टोयोटा कॅम्री हायब्रिडही पाहून झाली : अडीच लिटर, एकूण २३० अश्वशक्ती, आली तेव्हा ४८ लाख. सहा किलोमीटरच्या फेऱ्यांना याहून योग्य इंजिन या यादीत नाही. गर्दीत बराच वेळ ती विजेवरच सरकते. घाट चढताना मात्र तिचं इंजिन एका सुरात वर ओरडत राहतं, आणि टर्बो नसल्यामुळे उंचीवरची विरळ हवाही तिला लागते. ती नाकारण्याचं खरं कारण इंजिन नव्हतंच, बिल्ला होता. घरच्यांनी ते मोकळेपणानं कबूल केलं हे बरं झालं.

चाचणी मागच्या सीटवर

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह बहुतेक वेळा चुकते. डेमो गाडी आधीच तापलेली असते, रस्ता गुळगुळीत निवडलेला असतो, घेणारा पुढे बसतो आणि सेल्समन ॲक्सिलरेटर दाबून दाखवतो. या घराने चाचणीचा रस्ता आपला सांगितला : तिसरं गेट, उद्यमबाग, मग पिरनवाडीवरून जांबोटीकडे दहा-बारा किलोमीटर आणि परत. ड्रायव्हर आपला, अप्पा मागे डावीकडे, त्यांच्या शेजारी आणखी दोघं. गाडी सकाळी थंड असतानाच मागवली, कारण थंड इंजिनाचा पहिला मिनिटभराचा आवाज हाच रोज चार वेळा ऐकायचा आवाज.

निघण्याआधी टायरमधली हवा तपासली. डेमो गाड्यांत ती बऱ्याचदा जास्त असते. मग चांगली गाडीही कडक वाटते. दरवाजाच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणात जो तक्ता असतो त्यातला भरल्या गाडीचा आकडा ठेवला. फोनमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर खऱ्या डेसिबलचा भरवसा नसतो, पण त्याच फोनने, त्याच सीटवरून, त्याच रस्त्यावर दोन गाड्या ताडून पाहता येतात. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ध्वनीची ऊर्जा दुप्पट. ताशी ८० ला जे ऐकू येतं ते बहुतांशी टायर आणि वारा. इंजिनाचा त्यात फार थोडा वाटा राहतो.

मग हंप. यावर थोडा जास्त वेळ घालवावा लागेल, कारण लांब व्हीलबेसच्या सेडानचं पोट इथेच फुटतं. ई-क्लासचा व्हीलबेस ३,०९४ मिलिमीटर, ५३० एलआयचा ३,१०५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा हंप ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा गोल असतो. पुढची-मागची चाकं त्यावर दोन्हीकडे आली की मध्ये सुमारे ७० मिलिमीटरचा फुगवटा पोटाखाली येतो. तेवढा निघून जातो. गावात लोकांनी मागणी करून घालून घेतलेला हंप मात्र मीटरभर रुंद आणि १५-२० सेंटिमीटर उंच असतो. त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. मागे तिघं आणि डिकीत सामान असलं की गाडी आणखी दोन-तीन सेंटिमीटर बसते. अशा ठिकाणी तिरकं घालणं, म्हणजे एकेक चाक चढवणं, हाच उपाय, आणि मागून येणाऱ्या दुचाकीला तो आवडत नाही. कुठली गाडी घासते ते तक्त्यावरून कळत नाही. मागे तिघांना बसवून रोजच्या रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट हंपावर घालून बघायचं.

टायरचंही तसंच. २२५/५५ आर १८ च्या टायरला भिंत १२४ मिलिमीटरची, २४५/४५ आर १९ ला ११०. जांबोटी रस्त्यावर पावसाळ्यात पडणाऱ्या धारदार कडांच्या खड्ड्यांत हे चौदा मिलिमीटर रिम वाचवतात. मुलाला मोठी चाकं हवी होती. त्यावर अप्पांना बोलावंही लागलं नाही. स्टेपनी डिकीत आहे की रनफ्लॅट टायर आहेत हेही आधी विचारावं. रनफ्लॅट हवा गेल्यावर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, चालतो. कणकुंबीजवळ रात्री पंक्चर झालं तर बेळगाव गाठायला ते पुरतं, पण भिंत फाटली असेल तर काही उपयोग नाही.

निकाल लागला तो गुडघ्यावरून. ई-क्लासची मागची पाठ बटणाने ३६ अंशांपर्यंत कलते आणि मांडीखालचा आधार पुढे सरकतो. ५३० एलआयला मागे जागा भरपूर, पण पाठ कलत नाही. जांबोटीहून परत येताना अप्पा एका गाडीत पाय लांब करून बसले होते आणि दुसऱ्या गाडीत दर दहा मिनिटांनी बसण्याची जागा बदलत होते. मुलाने ५३० चालवून पाहिली तेव्हा ती त्याला जास्त आवडली, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. चालवणाऱ्यासाठी ती चांगली गाडी आहे.

पासिंग कुठलं

सीमाभागात हा प्रश्न इंजिनाइतकाच चर्चेत असतो. कर्नाटकात वीस लाखांच्या वरच्या मोटारीला १८ टक्के लाइफटाइम टॅक्स आणि त्यावर उपकर, मिळून जवळजवळ २०. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३, डिझेलला १५, मात्र कंपनीच्या नावावर घेतली तर २०. ई २०० वर केए-२२ (बेळगाव) आणि एमएच-०९ (कोल्हापूर) मध्ये वैयक्तिक नावावर साडेपाच लाखांचा फरक पडतो, आणि कोल्हापूरला नातेवाईक नसलेलं घर इथे शोधून सापडणार नाही. पण राहणं बेळगावचं आणि गाडी रोज बेळगावात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. मग इथला टॅक्स भरा, तिकडचा परत मागत कोल्हापूरच्या आरटीओला खेपा घाला. विम्याच्या दाव्यात पत्त्याचा प्रश्न निघतो तो वेगळाच. या घराने केए-२२ च घेतलं.

एवढ्या मोठ्या गाड्यांत इंजिनाच्या मापावर केंद्राचा कर ठरण्याचे दिवसही सरले. पूर्वी दीड हजार सीसीच्या पुढच्या सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि या गटातल्या सगळ्या गाड्यांवर सरळ ४० टक्के आला. दोन लिटर घ्या की तीन, दर तोच. वर दिलेल्या किमती बाजारात आल्या तेव्हाच्या आहेत. आजचं कोटेशन घेऊनच फरक काढावा.

शेवटी ई २०० ची ऑर्डर दिली ती चार गोष्टी फॉर्मवर लिहून घेऊनच : चाकं १८ इंची, गाडीचा उत्पादन-महिना, अंडरबॉडीची तपासणी जवळच्या कुठल्या वर्कशॉपमध्ये होईल त्याचं नाव, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर चोर्ला घाटात मोटार पाठीवर घेणारा फ्लॅट-बेड ट्रक कुठून येईल ते. शेवटचा मुद्दा लिहून द्यायला सेल्समन का-कू करतात. आग्रह धरावा, कारण मागच्या चाकांना जोर देणारी ऑटोमॅटिक गाडी ती चाकं जमिनीवर ठेवून दोरीनं ओढत आणली तर गिअरबॉक्सचं जे होतं, त्याचा खर्च वर वाचवलेल्या सगळ्या हिशोबांपेक्षा मोठा असतो.

हेच घर निपाणीत असतं आणि कारखाना कागलच्या वसाहतीत, तर रोजची फेरी महामार्गावरची वीस-पंचवीस मिनिटांची झाली असती, फिल्टर आपसूक जळत राहिला असता, आणि ई २२० डी ला नाही म्हणायला कारण उरलं नसतं. अप्पा मागे बसणारे नसते तर ५३० एलआय.